चकचकीत इंजिन आणि चेंबरमधली वाळू: एका पद्मिनीच्या पावडर कोटिंग आणि प्लेटिंगचं प्रकरण

गाडी प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी, मालक माझा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, मुक्काम रत्नागिरी, समुद्रापासून फार लांब नाही आणि ही समुद्राची गोष्ट पुढे महत्त्वाची आहे. इंजिन ओव्हरहॉलला खोललं होतं तेव्हा "आता खोललंच आहे तर सगळे पार्ट नव्यासारखे करून घेऊ" असं ठरलं. पत्र्याचे आणि कास्टिंगचे (ओतीव) पार्ट पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची कोरडी पूड चार्जने चिकटवून ओव्हनमध्ये वितळवतात त्या कामाला गेले, आणि नटबोल्ट, स्प्रिंगा, क्लिपा, लिंकेज असं सगळं एकाच बादलीत भरून निकेल प्लेटिंगला गेलं. पावडर कोटिंगवाला एरवी खिडक्यांचे ग्रिल आणि लोखंडी कपाटं करणारा. त्यात वाईट काही नाही, ग्रिल तो उत्तमच करत असणार, पण इंजिनचा पार्ट म्हणजे ग्रिल नव्हे आणि सगळं प्रकरण इथेच सुरू होतं.

गाडी जोडून आली तेव्हा बॉनेट उघडल्यावर खरंच नजर ठरत नव्हती. टॅपेट कव्हर लाल, एअर फिल्टरचा डबा काळा ग्लॉस, एक्झॉस्ट मॅनिफोल्डसुद्धा काळा, बोल्ट आरशासारखे. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, तेव्हापासून ज्यांच्याकडे ही गाडी आहे ते तिला जिवापाड जपतात, दादाही त्यातलाच, त्यामुळे त्याने हौसेने खर्च केला याबद्दल माझी काही तक्रार नाही.

त्रास एकदम नाही आला, एकेक करून आला. पहिल्याच लांब फेरीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरची पावडर जळून तिचा धूर आणि वास आत केबिनमध्ये. मग एअर फिल्टरच्या डब्यावर कार्ब्युरेटरच्या बाजूला जिथे पेट्रोलचे थेंब लागायचे तिथे कोटिंग मऊ पडून नखाने निघायला लागलं. मग अल्टरनेटरचा पट्टा ओरडायला लागला, ताण दिला की दोन दिवस गप्प, परत सुरू. मग सेल्फ दमल्यासारखा फिरायला लागला, बॅटरी नवी टाकली तरी तेच, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही पण सेल्फ मारताना चोकची केबल गरम व्हायची. मग एक दिवस गाडी नुसती दारात उभी असताना ॲक्सिलरेटरची रिटर्न स्प्रिंग तुटली, सकाळी दादाने पेडल दाबून सोडलं तर ते परत वर येईना. हे चालत्या गाडीत झालं असतं तर काय, या विचाराने मला अजूनही कसंतरी होतं. आणि शेवटी गरम इंजिनवर आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तेव्हा मी दादाला फोनवर सांगितलं, "आता स्टार्ट करू नकोस, आहे तशी गाडीवर टाकून कोल्हापूरला पाठव." आंबा घाटातून टेंपोवर चढवून ती माझ्याकडे आली.

चेंबर खोलला (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी, इंग्रजीत ऑइल संप, तिला आपल्याकडे मिस्त्री लोक चेंबरच म्हणतात, मी पण तेच म्हणणार) आणि तळाला हात फिरवला तर बोटाला खरखर लागली. चेंबरच्या आत ऑइल हिंदकळू नये म्हणून आडवा पत्रा स्पॉट वेल्ड केलेला होता, त्याच्या घडीत ब्लास्टिंगची बारीक वाळू बसलेली. कोटिंगच्या आधी गंज आणि जुना रंग काढायला ब्लास्टिंग करतात, म्हणजे हवेच्या प्रेशरने बारीक कण पार्टवर मारतात, ते करायलाच पाहिजे, पण ब्लास्टिंगचा कण अशा घडीत घुसला की हवेच्या प्रेशरने सगळा निघत नाही. वरून त्याच घडीवर पावडर पडली, ओव्हनमध्ये वितळून बसली आणि वाळू त्यात अर्धवट चिकटली. मग गरम ऑइल, इंजिनची थरथर, आणि हळूहळू ती सुटत गेली. स्ट्रेनरची जाळी मोठ्या तुकड्यांसाठी असते, बारीक वाळू तिच्यातून आरामात जाते, पुढे ऑइल पंपाचे गिअर, पुढे बेअरिंग. बेअरिंगचे शेल (आतल्या वाट्या) काढले तर त्यांच्या मऊ धातूत कण रुतून बसलेले आणि क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, गोल रेघा. क्रँक ग्राइंड करून टेन साईजचे शेल घालावे लागले, म्हणजे पाव मिलीमीटर अंडरसाईज. ऑइल पंप नवा. ज्या कामाचा हेतू इंजिन सुंदर करायचा होता त्यानेच इंजिन परत खोलायला लावलं.

माझं मत मी आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. कोटिंगचा रंग कोणता, चमक किती हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न असा की हा पार्ट कशाला टेकतो, त्याच्यावर काय पडतं, तो किती तापतो आणि त्याच्यातून काय वाहतं, ऑइल की करंट. याची उत्तरं प्रत्येक पार्टला वेगळी येतात म्हणून सगळं एका बादलीत घालून पाठवणं हीच मूळ चूक, मग दुकानदार कितीही चांगला असो.

आता एकेक दुखणं. पट्टा का ओरडत होता? अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी, बोल्टच्या डोक्याखाली, इंजिनला टेकणाऱ्या तोंडावर, सगळीकडे पावडर होती. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) असतो आणि ते शेवटी प्लास्टिक आहे. बोल्ट आवळला की ते दबतं, इंजिन तापलं की अजून दबतं, आणि जेवढं दबेल तेवढा बोल्टचा ताण कमी होतो. परत आवळला की परत दबणार. आवळलेल्या सांध्यात लोखंडाला लोखंडच टेकलं पाहिजे, मध्ये पावडर नको म्हणजे नको, डोक्याखाली वॉशरएवढा गोल आणि टेकणारं तोंड मास्क करून कोरंच ठेवायचं.

सेल्फचं दुखणं याचंच भावंड. पावडर करंट सोडत नाही. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी कोटिंगवरच बोल्टने आवळली होती, अल्टरनेटरची अर्थ ब्रॅकेटमधून यायची ती पण बंद. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात, तो करंट परत बॅटरीला जायला वाट शोधतो आणि त्याला सापडली चोकची आणि ॲक्सिलरेटरची केबल, म्हणून केबल गरम. अशा केबली आतून जळून अडकतात. फाईलने तीन जागा घासून लोखंड उघडं केलं, पट्टी आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली, सेल्फ पहिल्यासारखा. एवढंच होतं. त्यासाठी बॅटरी बदलली गेली होती.

डब्यावरची पावडर पेट्रोलने मऊ पडली कारण ती कच्ची होती. नेहमीची थर्मोसेट (तापवून कायमची कडक होणारी) पावडर साधारण १८० ते २०० डिग्रीला दहा-पंधरा मिनिटं लागते, पण ही वेळ धातू तेवढा तापल्यावर मोजायची, ओव्हनचा काटा २०० दाखवतो तेव्हापासून नाही. ग्रिलच्या लॉटबरोबर जाड ब्रॅकेट आणि पातळ पत्र्याचा डबा एकत्र टांगले की प्रत्येक जण वेगवेगळ्या वेळेला तापतो, भरगच्च ओव्हनमध्ये मधले पार्ट तर मागेच राहतात. कच्ची पावडर बघायला अगदी पक्क्यासारखी चमकते, फसवते. तपासायचं असेल तर एमईके नावाच्या सॉल्व्हंटमध्ये कापूस भिजवून दाबून घासायचा, चमक एकदम गेली किंवा रंग भरभर कापसावर आला तर ते कच्चं. शिवाय पावडरीची जात बघावी, एपॉक्सी पेट्रोल-ऑइलला जास्त टिकते पण उन्हात तिची पूड होते, पॉलिएस्टर उन्हाला चांगली. बॉनेटखाली ऊन येत नाही त्यामुळे तिथे एपॉक्सी किंवा एपॉक्सी-पॉलिएस्टर हायब्रिड घ्यायला हरकत नाही, ग्रिलवाल्याकडे मात्र बाहेरच्या कामाची पॉलिएस्टरच भरलेली असते.

थर्मोस्टॅटचं हाउसिंग वेगळंच. ते ॲल्युमिनियमचं कास्टिंग, त्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि फुगे. कोल्हापूर शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांचं गाव, इथे कुठल्याही कास्टिंगवाल्याला विचारलं तरी तो पोरोसिटीबद्दल, म्हणजे धातूतल्या सच्छिद्रपणाबद्दल, तासभर बोलेल. कास्टिंगच्या पोटात बारीक पोकळ्या असतात, त्यात वर्षानुवर्षांचं कूलंट आणि ऑइल जिरलेलं असतं, ओव्हनमध्ये ते गॅस होऊन वर येतं नेमकं पावडर वितळत असताना, आणि भोक पाडून जातं. उपाय म्हणजे पावडर मारायच्या आधी पार्ट कोराच कोटिंगच्या तापमानापेक्षा थोडा जास्त तापवून जे यायचंय ते येऊ द्यायचं, थंड करून परत पुसायचं, मग पावडर. अजून एक, या हाउसिंगचा पृष्ठभाग काळपट आणि खाल्लेला होता, म्हणजे ते लोखंडाच्या पार्टांबरोबर गरम कॉस्टिकच्या टाकीत गेलं असावं. कॉस्टिक लोखंडाची ग्रीस काढतं आणि ॲल्युमिनियम चक्क विरघळवतं. दुकानदाराला ॲल्युमिनियमचा पार्ट हातात वेगळा द्यायचा आणि तोंडाने सांगायचं, पिशवीत घालून सगळ्याबरोबर नाही. कार्ब्युरेटर आणि पेट्रोल पंपाची बॉडी तर या कुठल्याच वाटेला पाठवू नये, ती जस्ताच्या मिश्रधातूची डायकास्ट असते, ॲसिडमध्ये विरघळते आणि ओव्हनमध्ये फुगते. नशिबाने गॅरेजवाल्याने ते दोन्ही पाठवले नव्हते.

आता स्प्रिंग, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण हे सगळ्यात धोक्याचं आणि सगळ्यात कमी लोकांना माहिती असलेलं आहे. प्लेटिंगच्या आधी गंज काढायला पार्ट ॲसिडमध्ये बुडवतात, मग टाकीत करंट देतात. दोन्ही वेळेला धातूच्या अंगावर हायड्रोजन तयार होतो आणि त्यातला थोडा पोलादाच्या आत शिरतो. मऊ पोलादाला त्याचं काही वाटत नाही. पण कडक केलेलं पोलाद, म्हणजे स्प्रिंगची तार, १०.९ आणि १२.९ ग्रेडचे बोल्ट, हे आतून ठिसूळ होतात. आणि ते लगेच तुटत नाहीत! ताण देऊन ठेवले की काही तासांनी, काही दिवसांनी, कोणी हात न लावता तुटतात. दादाची स्प्रिंग उभ्या गाडीत हुकपाशी तुटली, तुटलेलं तोंड सरळ, कुठेही ओढलं गेल्याची खूण नाही, वाकलेलं नाही. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० डिग्रीला कमीत कमी काही तास भाजलं तर हायड्रोजन बराचसा निघून जातो, ही पद्धत प्लेटिंगवाल्यांना माहिती असते, ते हायड्रोजन बेकिंग किंवा डीएम्ब्रिटलमेंट म्हणतात, पण तुम्ही मागितली तरच होते आणि बादलीतल्या मिक्स मालाला कोणी करत नाही.

म्हणून चेंबर उघडल्यावर मी वाळूनंतर पहिली गोष्ट बघितली ती कनेक्टिंग रॉडचे बोल्ट. निकेलने चमकत होते. चांगले दिसत होते, एकही तुटला नव्हता, तरी सगळे काढून फेकले आणि नवे घातले. फ्लायव्हीलचेही. दादा फोनवर म्हणाला, "अरे पण त्यांना काय झालंय, नवेच दिसतायत की." त्याला म्हटलं, "दादा, यातला एक जरी सुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, मग पद्मिनीचा ब्लॉक कुठून आणायचा?" तो पुढे काही बोलला नाही. कनेक्टिंग रॉड, हेड, फ्लायव्हील, क्रँकच्या बेअरिंग कॅपचे बोल्ट, ब्रेक आणि स्टिअरिंगचे बोल्ट आणि कुठलीही स्प्रिंग, यांना प्लेटिंग करायचंच नाही, कंपनीचा काळा किंवा फॉस्फेट केलेला माल आणायचा आणि ऑइल लावून बसवायचा. बॉनेट उघडणाऱ्याला ते दिसतही नाहीत.

बाकीच्या साध्या बोल्ट-क्लिपांना प्लेटिंग हवंच होतं, पण निकेल नको होतं, आणि याला कारण रत्नागिरीची हवा. निकेल आणि क्रोम लोखंडापेक्षा उच्च, म्हणजे कमी गंजणारे धातू, त्यांचा थर अखंड आहे तोवर छान. पण बारीक भोक किंवा पान्याचा ओरखडा पडला की तिथलं लोखंड आणखी जोरात गंजतं, वरून निकेल तसंच आणि खालून तांबूस पाणी. जस्ताचं उलट, ते स्वतः खपतं आणि लोखंड वाचवतं, ओरखड्याच्या आजूबाजूचं जस्तसुद्धा लोखंडाला सांभाळतं. खारी हवा आणि चार महिने पाऊस असेल तिथे बॉनेटखाली झिंकच. चमक कमी, मान्य आहे, पण या गाडीवर मूळ कारखान्यातून जे बोल्ट यायचे ते पण कोणी आरशासारखे केलेले नसायचे.

झिंकवर (म्हणजे जस्तावर) पासिव्हेशन, म्हणजे त्याला लवकर खपू न देणारा पातळ रासायनिक थर लागतो, निळसर-पांढरं किंवा पिवळं. पिवळ्याचा जुना प्रकार हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, ते कॅन्सरकारक आहे, युरोपात जुलै २००७ पासून नव्या गाड्यांच्या पार्टांना त्यावर बंदी आली, आता ट्रायव्हॅलंटमध्येही पिवळा रंग मिळतो आणि मी तोच मागितला. थर ८ ते १० मायक्रॉन सांगितला, जास्त नाही, कारण आट्यांच्या बाबतीत एक हिशोब आहे: थर जेवढा त्याच्या चौपट आट्याचा पिच डायमीटर (नट जिथे बसतो तो आट्याचा मधला व्यास) वाढतो. ८ मायक्रॉन लावलं तर ३२ वाढला, हे चालतं. पण ७० मायक्रॉन पावडर आट्यावर पडली तर २८० वाढला, मग नट जाणारच नाही, आणि कोणी टॅप फिरवून ते काढायला गेलं तर आटे बिघडवून ठेवणार. म्हणून पावडरीला आट्याच्या प्रत्येक भोकात सिलिकॉनचा प्लग आणि प्रत्येक गॅस्केटच्या तोंडावर उष्णता सोसणारी हिरवी पॉलिएस्टर टेप. साधी कागदी मास्किंग टेप ओव्हनमध्ये जळून चिकटून बसते.

आता घरी की बाहेर हा प्रश्न, कारण मला सगळे हेच विचारतात. माझ्याकडे छोटी पावडर गन आहे आणि एक जुना ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन), जो स्वयंपाकघरातून कायमचा हद्दपार केलेला आहे आणि त्यात परत खायचं काही करायचं नाही हे घरात सगळ्यांना पक्कं सांगितलंय. छोटे ब्रॅकेट, पुली, डिपस्टिकचं होल्डर हे मी घरीच केले. घरी करण्याचा खरा फायदा असा की मास्किंग तुमच्या हातात राहतं आणि पार्टला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून तो खरंच १९० ला पोचला का हे बघता येतं. अडचण अशी की ओव्हनमध्ये मावेल तेवढंच, पार्टला अर्थ नीट नसेल तर पावडर बसत नाही, आणि खोल कोपऱ्यात पावडर जातच नाही, चार्ज बाहेरच्या कडांवरच ओढला जातो, तिथे व्होल्टेज कमी करून आणि लांबून हळू मारावं लागतं. पावडरीची धूळ हवेत दाट झाली आणि ठिणगी मिळाली तर भडकते, त्यामुळे शेगडी, बिडी, ग्राइंडर यातलं काही जवळ नको आणि नाकाला चांगला मास्क. ब्लास्टिंगला नदीची वाळू घरी अजिबात वापरू नका, तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो, फुप्फुसं परत बरी होत नाहीत.

घरगुती झिंक प्लेटिंगही करून बघितलं, पांढरं व्हिनेगर, एप्सम सॉल्ट, थोडी साखर, जस्ताचा तुकडा आणि कमी व्होल्टेजचा सप्लाय. बसतं, हे खरं आहे, करडा थर येतो आणि तारेच्या ब्रशने घासला की बरा दिसतो. पण पासिव्हेशन नाही म्हणून पावसाळ्यात पांढरी पूड धरतो, म्हणजे पुण्यात किंवा साताऱ्यात शोपीसला ठीक, रत्नागिरीला नाही. क्रोमिक ॲसिड आणून घरी पिवळं करायच्या भानगडीत कोणी पडू नये. गंज काढायला इलेक्ट्रोलिसिस करताना स्टेनलेसचा चमचा किंवा ताटली ॲनोड (पॉझिटिव्ह टोक) म्हणून लावतात ते पण बंद करा, त्यातून तेच हेक्साव्हॅलंट क्रोमियम पाण्यात येतं आणि ते पाणी शेवटी गटारात जातं. आपल्याकडे इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या रेड कॅटेगरीत आहे ते उगाच नाही. माझे बोल्ट मी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा असलेल्या प्लेटिंगवाल्याकडे दिले, बॅरलमध्ये किलोवर होतात, स्वस्त पडतं, फक्त लांब आणि आट्याचे नाजूक पार्ट बॅरलमध्ये एकमेकांवर आपटतात म्हणून ते जिगवर टांगून घ्यायचे. आणि देण्याआधी सगळे जमिनीवर मांडून फोटो काढा, परत येताना एखादा कमी असतो.

चेंबर परत पावडरला दिलाच नाही. आतला आडवा पत्रा असताना ब्लास्टिंग नको म्हणजे नको, म्हणून केमिकल स्ट्रिपरने रंग काढला, बाहेरून हाताने घासला, इंजिन इनॅमल मारला, आतून कोरा. टॅपेट कव्हर मात्र परत लालच केलं, दादाची तेवढी हौस राहिली, आत काही घडी नाही हे बघून, सेव्हन टँक ट्रीटमेंटवाल्या (पावडरीआधी पार्ट सात टाक्यांतून साफ करून घेणाऱ्या) दुकानातून, आतली बाजू आणि गॅस्केटची कड मास्क करून. आल्यावर रॉकेलने धुतलं, पांढऱ्या फडक्याने पुसून फडकं उन्हात धरलं, एकही कण नाही तेव्हाच बसवलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ५०० डिग्रीच्या वर जाऊ शकतो, तिथे नेहमीची पावडर टिकणारच नाही, सिलिकॉनची उच्च तापमानाची पावडर असते पण त्यासाठी वेगळा लॉट लावावा लागतो, आम्ही साधा उष्णतारोधक काळपट पेंट मारून इंजिन हळूहळू तापवून पक्का केला. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, तेल मुरलेला, त्याला ब्रशने इनॅमल.

गाडी एक पावसाळा रत्नागिरीत काढून सर्व्हिसला परत आली. गरम आयडलिंगला ऑइलचा दिवा बंद, पट्टा गप्प, एअर फिल्टरचा डबा पेट्रोल लागूनही कडक. बॅटरीच्या बाजूच्या दोन बोल्टांवर पांढरी पूड होती, ती ॲसिडच्या वाफेमुळे, ते बदलले आणि बॅटरीचा ट्रे आता आम्ही एपॉक्सीत करायला दिलाय. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर अजून दोन बारीक भोकं दिसतात, आधी भाजूनही निघाली नाहीत, त्या पार्टला पुढच्या वेळी कोटिंग न करता नुसतं ग्लास बीडने (काचेच्या बारीक मण्यांच्या ब्लास्टिंगने) मॅट करून ठेवणार आहे.